गोविंदरावांचा एकच शर्ट

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्यानं आधी स्वतःची ओळख करून द्यावी अशी रीत आहे, आणि तिथंच माझी पंचाईत होते. मी शर्ट आहे, जुना आहे आणि राखाडी आहे, एवढं नक्की. पण माझ्याच ताग्यातून निघालेले, माझ्याच मापाचे, माझ्याच रंगाचे आणखी पाच जण होते. त्यामुळे मी ज्या ज्या दिवसांबद्दल सांगणार आहे, त्या दिवशी अंगावर मीच होतो असं मला शपथेवर म्हणता येत नाही. ते पाचही जण हीच हकिकत आपली म्हणून सांगतात. तुम्ही माझी ऐका, कारण मी आधी बोललो.

माझे मालक गोविंदराव. ताडकळसच्या बाजारपेठेत त्यांचं बियाणं आणि खतांचं दुकान आहे. दुकानात त्यांच्यासारखा झटपट माणूस नाही. शेतकऱ्यानं पानावरचा डाग दाखवला की यांनी औषधाची बाटली काढलीच. घरात पाऊल टाकलं की मात्र त्याच माणसाच्या तोंडात एकच शब्द राही, "बघू." कूलर दुरुस्तीला टाकायचा का, बघू. गावाला पाहुण्यांकडं जायचं का, बघू. आणि तो शब्द म्हणताना त्यांचा हात छातीवरच्या दुसऱ्या बटणाकडे जायचा. बटण गोल गोल फिरायचं. माझी निम्मी झीज त्या एका शब्दानं झालेली आहे.

माझा जन्म एका व्याख्यानातून झाला. उन्हाळ्यात परभणीला एका बियाणं कंपनीनं दुकानदारांचा मेळावा भरवला होता. जेवणाला अवकाश होता, म्हणून पुण्याहून आलेल्या एका तरुण वक्त्याला उभं केलं. तो म्हणाला, जगातली मोठी माणसं रोज एकच पोशाख घालतात. त्यांच्या कपाटात दुसरं काही नसतंच. कारण असं की, माणसाच्या डोक्यात रोज सकाळी निर्णयांचा साठा ठरलेला असतो. कोणता शर्ट, कोणती पँट, यात तो खर्च झाला की दुपारच्या मोठ्या कामाला काही उरत नाही. वक्त्याच्या अंगावर सोनेरी बुट्ट्यांचं जाकीट होतं. जेवणानंतर बक्षीस द्यायला तो आला तेव्हा त्यानं ते बदललेलं होतं.

गोविंदरावांना "साठा" हा शब्द पटला. ते दुकानदार होते. गोदामात माल असतो, जातो, संपतो, हे त्यांना आईच्या दुधाइतकं ठाऊक. आपण घरात कशालाच हो-नाही म्हणत नाही, याचं कारण आळस नसून सकाळीच साठा संपतो हे आहे, असं त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या उमगलं. इतकं सोयीचं कारण माणसाला आयुष्यात एकदाच मिळतं. त्यांनी परतीच्या एसटीत बसण्याआधी कापड घेतलं.

गावातल्या पंडित टेलरनं कापड फळीवर उलगडलं आणि मालकांकडं पाहिलं.

"मालक, ब्यांडपार्टी काढायलाव का काय?"

"न्हाई रे. सगळे माझ्याच मापाचे."

"मग एकट्याचाच ब्यांड हाय म्हणा."

पण माणूस हाताचा चांगला. त्यानं आम्हा सहा जणांना असं एकसारखं शिवलं की बटणाच्या काजांतही फरक सापडू नये. मला त्याचा अभिमान वाटायचा. पुढं कळलं की अभिमान वाटायला आधी आपण वेगळे असावं लागतं.

घरी कावेरीबाईंनी, म्हणजे मालकांच्या पत्नीनं, पिशवीतून एक काढला, दुसरा काढला, तिसरा काढल्यावर त्या खाली बसल्या.

"हा राखेचा रंग कुठून आणलाव? आन सगळे त्येच? अहो, लोक म्हणतील ह्यांच्याकडं एकच हाय."

"मोठी माणसं असंच करतात."

"ती मोठी हायत म्हणून त्यांला चालतं. तुमी दोन दिवस एक शर्ट घातलाव तर लोक माझ्याकडं बघतील, म्हणतील बाई धुवत न्हाई."

"लोकांच्या म्हणण्यावर डोकं खर्च करायचं नसतं," गोविंदराव म्हणाले. त्यांचे जुने रंगीत शर्ट गाठोड्यात बांधून माळ्यावर गेले आणि आम्ही सहा जण कपाटात टांगले गेलो.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता सकाळ सोपी झाली असेल. दुसऱ्याच दिवशी गोविंदराव कपाटासमोर उभे राहिले ते हललेच नाहीत. त्यांनी मला काढलं, उजेडात धरलं, परत टांगलं. शेजारच्याला काढलं. त्याची कॉलर चाचपली.

"कालचा कोणता गं?"

"कालचा बादलीत हाय. हे सगळे धुतलेले हायत."

"हा जरा फिका वाटायलाय."

"ढग आलंय म्हणून. एका झाडाचे आंबे हायत ते, घ्या कोणतापण."

"घ्यायचाच हाय. पण कोणता ते बघू."

पूर्वी शर्ट निवडायला लागायचा त्याहून जास्त वेळ आता लागू लागला, कारण पूर्वी चौकडीचा की रेघांचा एवढाच प्रश्न असे. सारख्यातला सारखा निवडणं याला अंत नसतो. आतमध्ये आम्हालाही चैन पडेना. दार उघडलं की सहाही जण ताठ व्हायचो. आज मी का? हात जवळ यायचा, बाजूला जायचा. बाहेर कुणी "मालक, शर्ट भारी हाय" म्हटलं तर त्या कौतुकाचा एक तुकडा मला मिळायचा, बाकीचे पाच तुकडे कपाटात वाटले जायचे. अशानं कुणाचंही पोट भरत नाही.

आता वाचलेला साठा कशासाठी वापरायचा होता, ते सांगतो. गोविंदरावांची मुलगी प्राची परभणीला कृषी विद्यापीठात शिकली. त्याच वर्षी तिची पदवी झाली आणि पावसाळा सरता सरता तिला हैदराबादजवळच्या एका संशोधन केंद्रात ज्वारीवर काम करायला दोन वर्षांसाठी बोलावणं आलं. दिवाळी झाली की रुजू व्हायचं होतं. तिनं ही बातमी बापाला दुकानात येऊन सांगितली. गोविंदरावांनी दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले.

"मग जाऊ ना पप्पा?"

हात दुसऱ्या बटणावर आला. "बघू."

"पेढे तर वाटले तुम्ही."

"पेढे आनंदाचे वाटले. जायचं ते बघू."

तो नकार नव्हता, हे मी खात्रीनं सांगतो, मी छातीवरच होतो. आत नकार असता तर तो मला जाणवला असता. आत नुसती चुळबुळ होती. पोरगी लांब जाणार, लोक काय म्हणतील, न पाठवली तर पोरगी काय म्हणेल. दोन्हीकडच्या पायऱ्या त्यांनी मोजल्या आणि मधेच बसून राहिले. प्राची तोवर विद्यापीठातच एका प्रयोगावर काम करत होती; दर रविवारी परभणीहून यायची आणि तेच विचारायची. दर रविवारी बटणाचा एक दोरा सैल व्हायचा.

इकडं गावात वेगळंच शिजत होतं. एके दिवशी मी परसात तारेवर वाळत होतो. भिंतीपलीकडं शेजारच्या चतुराबाई डाळ निवडत बसल्या होत्या. गावातले सगळे नेम, नवस आणि उपासतापास त्यांना पाठ. त्यांच्याजवळ त्यांची नातसून राजेश्री बसली होती.

"तुला दिसत न्हाई का गं? गोविंदानं काहीतरी धरलंय."

"काय धरलंय आजी?"

"अंगावरला कपडा. उन्हाळ्यापास्नं त्योच हाय. आमच्या मामंजीनं विहिरीला पाणी लागस्तोर पायात चप्पल घातली न्हवती. तसंच हाय हे."

"पण शर्ट तर रोज इस्त्रीचा असतो."

"धुवायला मनाई नसती पोरी. रात्री धुवायचा, सकाळी त्योच घालायचा. आन घरात लग्नाची पोरगी हाय. बाप आणखी कशापायी कपडा धरंल? पोरीचं जमस्तोर दुसरा शर्ट अंगाला लावणार न्हाई, असं बोललाय तो देवापुढं."

"मग काकूला विचारू का?"

"तेवढं करू नको. नेम विचारला की मोडतो. पाप तुला लागल."

चतुराबाईंनी मान वर करून भिंतीवरून एकदा पाहिलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. माझा भाऊ दुकानात अंगावर होता आणि मी इथं तारेवर. पण त्यांचं लक्ष खड्यांत होतं. आणि विचारायचं नसतं हा नियम इतका पक्का, की गोष्ट साऱ्या गावात गेली, शेजारच्या गावांत गेली, झरीच्या बाजारापर्यंत पोचली, आणि गोविंदरावांना मात्र कुणी चकार शब्दानं विचारलं नाही.

त्यांना फक्त फरक जाणवला. शेतकरी औषधाबद्दल उलट प्रश्न करेनासे झाले. देवळातल्या सप्ताहात त्यांना पुढची जागा मिळू लागली. दोन भाऊ बांधावरून भांडले तर म्हणाले, गोविंदराव सांगतील ते मान्य. गोविंदरावांना वाटलं, व्याख्यान खरं होतं. कपडा एक केला की माणूस मोठा होतो.

शेवटी बस स्टँडवरच्या हॉटेलवाल्या बन्सीधरनं तोंड उघडलं. दोघं एका बाकावर शिकलेले. त्यानं चहाचा कप ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "गड्या, मी काही विचारत न्हाई. विचारायचं नसतं. पण तुझ्यासारखा बाप पंचक्रोशीत न्हाई."

"कशाबद्दल म्हणायलास?"

"तेच. मी कुठं काय विचारलं?"

"अरे पण काय ते सांग की."

बन्सीधरनं इकडंतिकडं पाहिलं. "पोरीचं जमस्तोर शर्ट बदलायचा न्हाई, हे सोपं न्हाई गड्या."

मला छातीतून हसण्याची उबळ आलेली कळली. गोविंदरावांनी नाही म्हणायला तोंड उघडलंही. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरचा एक म्हातारा शेतकरी उठला, वाकला आणि त्यांच्या पायांना हात लावून काही न बोलता निघून गेला. उघडलेलं तोंड तसंच मिटलं. हात बटणावर आला.

"बघू," ते म्हणाले.

"बघ, कबूल पण करत न्हाई," बन्सीधर शेजारच्याला म्हणाला. "नेम असा पाळावा."

घरी आल्यावर त्यांनी कावेरीबाईंना सांगितलं. त्या आधी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग एकदम थांबल्या.

"आत्ताच्या आत्ता सांगा गावाला. हे पोरीच्या नावावर चाललंय."

"लोक विसरतील आपोआप."

"लोक रोज तुमचा शर्ट बघायलेत, विसरतील कसं? निदान उद्या दुसरा घाला. माळ्यावरनं काढून देते."

हे त्यांनी केलं असतं तर चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी सप्ताहाची समाप्ती होती आणि पुढची जागा ठेवलेली होती. गोविंदराव कपाटासमोर उभे राहिले, आणि मित्रांनो, त्या सकाळी त्यांनी आम्हा सहांतला एक एका दमात उचलला.

मग स्थळं येऊ लागली. ज्या मुलीचा बाप तिच्यासाठी कपडा सोडतो, ती मुलगी कोणाला नको असेल? गोविंदराव सगळ्यांना बघू म्हणायचे. पाहुण्यांना तो होकार वाटायचा, प्राचीला नकार, आणि त्यांना स्वतःला सुटका. पालमचे व्यंकटराव या सगळ्यांत वजनदार. जमीनजुमला असलेला, सरळ मनाचा माणूस. मुलगा परभणीत नोकरीला. त्यांनी बन्सीधरकरवी निरोप पाठवला की दिवाळी झाली की येतो, असल्या बापाच्या घराशी सोयरीक म्हणजे आमचं भाग्य. गोविंदराव म्हणाले, बघू. बन्सीधरनं पालमला कळवलं, या म्हणाले.

ते आले त्या रविवारी मी अंगावर होतो. बाकीचे पाच म्हणतात ते होते, पण असो. दोन गाड्या भरून माणसं, वर शेजारपाजारचे, बैठकीत सतरंजी, आत पुरण शिजत असलेलं. प्राची सकाळीच परभणीहून आली होती. तिला दोन दिवसांनी रुजू व्हायचं होतं. तिची बॅग मधल्या दारापाशी तशीच भरलेली होती. ती ना आत नेली होती, ना बाहेर.

गोविंदराव पाणी प्यायला आत आले तेव्हा ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"पप्पा, माणसं येऊन बसली. आता तरी सांगा. जा म्हणा, नाही तर जाऊ नको म्हणा. मी भांडणार नाही. पण बघू म्हणू नका."

"बाहेर पाहुणे बसलेत बाई."

"मला माहितीय. मीच चहा दिला त्यांना."

गोविंदरावांनी तांब्या परत ठेवला. पाणी प्यायचं राहिलंच.

बैठकीत ते खाली बसले आणि व्यंकटराव उभे राहिले. त्यांच्या हातात ताट होतं. ताटात नारळ, टोपी, उपरणं, आणि घडी घातलेला एक कोरा शर्ट. पिस्ता रंगाचा, चकचकीत, कॉलरमधला पुठ्ठाही न काढलेला. मी त्याला पाहिलं आणि माझे सगळे टाके ओढल्यासारखे झाले.

"गोविंदराव," व्यंकटराव म्हणाले, "तुमी तोंडानं सांगणार न्हाई, आमी तोंडानं विचारणार न्हाई. पण सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक हाय. तुमचा नेम आज पुरा झाला. हा शर्ट आमच्या घरचा. अंगावरचा उतरवा, हा घाला, की सोयरीक पक्की. सुपारी आमी घेऊनच आलोय."

"पोरीला एकदा विचारा म्हणलं असतं मी," भिंतीशी बसलेल्या चतुराबाई म्हणाल्या, "पण बापानं कपडा सोडलेल्या पोरीला काय विचारायचं? ती न्हाई म्हणल का?"

लोकांनी माना हलवल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. प्राची मधल्या दारात उभी होती, बॅगेला टेकून. कावेरीबाई तिच्या मागं. 

गोविंदरावांचा हात वर आला. वरचं बटण निघालं. मला वाटलं, संपलं आपलं. दुसऱ्या बटणावर हात आला आणि थांबला. ते सैल बटण नेहमीसारखं फिरू लागलं. एक वेढा, दोन वेढे. आणि मित्रांनो, त्याचा उरलेला दोरा तिथंच तुटला. बटण सतरंजीवर पडलं. आता फिरवायला काही नव्हतं. बोटं नुसती छातीवर राहिली, आणि त्या बोटांखाली जे धडधडत होतं ते माझ्याइतकं स्पष्ट त्या बैठकीत कोणालाच ऐकू आलं नसेल.

त्यांनी दाराकडं पाहिलं.

"प्राची," ते म्हणाले, "कपाटातले शर्ट आण."

"कोणते पप्पा?"

"सगळे."

ती गेली आणि हँगरसकट माझ्या पाच भावंडांना घेऊन आली. चार इस्त्रीचे होते, एक जरा ओलसर. तिनं ते ताटाशेजारी एकावर एक ठेवले.  व्यंकटराव खाली बसले. त्यांनी एकाची बाही हातात घेतली, मग माझी बाही पाहिली.

"हे कुणाचे?"

"माझेच."

"मग नेम?"

"कसला नेम न्हाई. सकाळी कपड्यावर डोकं खर्च करायचं न्हवतं म्हणून सारखे शिवले. मेळाव्यात ऐकलं व्हतं. गावानं नेम म्हणलं, लोक पाया पडले, मला ते बरं वाटलं. म्हणून गप बसलो."

"डोकं खर्च करायचं न्हवतं ते कशासाठी?"

"मोठ्या निर्णयाला शिल्लक राहावं म्हणून."

व्यंकटरावांनी बाही खाली ठेवली. "मग घेतला का एखादा?"

हा टोमणा होता. कोपऱ्यात कुणीतरी हसलंही. गोविंदरावांनी तो टोमणा मानला नाही, प्रश्नच मानला.

"आता घेतो," ते म्हणाले. "पोरगी उद्या हैद्राबादला जायली. लग्नाचं ती म्हणल तवा, ती म्हणल तिथं. तुमचं घर चांगलं हाय, राग मानू नका. चूक आमच्याकडनं झाली."

प्राचीनं बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेली. आता उत्तरासाठी ती दारात ठेवायची गरज नव्हती. तोंड धुवायला गेली असावी.

"इतके शर्ट," चतुराबाई म्हणाल्या, "आन आमी पाया पडलो."

"आजी, तुमीच म्हणलाव धुवायला मनाई नसती," राजेश्री पुटपुटली.

"गप गं."

पुरण शिजलेलं होतं. मोडलेल्या सोयरिकीलाही जेवावं लागतं, ही आमच्याकडची रीत, आणि माझ्या मते ती शहाणपणाची आहे. भरल्या तोंडानं माणूस फार रागावू शकत नाही. व्यंकटराव दोन पोळ्या जास्तच जेवले. निघताना ते ताटाकडं पाहून म्हणाले, "आहेर परत नेत नसतात. पिस्ता राहू द्या. पण घालू नका तुमी, राखाडीच्या रांगेत बसायचा न्हाई त्यो." गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली आणि कावेरीबाईंना सांगितलं, "वहिनी, पोरगी पोचली की कळवा." माणूस सरळ होता, म्हटलं ना.

गावानं मात्र सहजी सोडलं नाही, हे मला पुढं ऐकून कळलं. सप्ताहातली पुढची जागा दुसऱ्याला गेली. बांधावरचे भाऊ पुन्हा भांडू लागले. दुकानात येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "मालक, आज कितवा?" गोविंदराव मान खाली घालून औषध काढायचे. बरेच दिवस ते बस स्टँडकडं फिरकले नाहीत. शेवटी बन्सीधरच दुकानात चहा घेऊन आला. "नेम न धरता नेम पाळणारा तूच पहिला गड्या," तो म्हणाला, आणि दोघं एकदाचे हसले. मोठेपण गेल्याचं दुःख त्यांना झालं. झालंच नाही असं मी म्हणणार नाही.

त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी प्राचीला पूर्णेहून गाडी होती. निघायच्या आधी तिनं कपाट उघडलं.

"पप्पा, यातला एक नेऊ का? वावरात घालायला."

"ने की. थांब, चांगला बघून देतो."

ते जवळ यायच्या आत तिनं न बघताच हात घातला आणि ओढला. तो मी. बटण नसलेला. तिनं गाडीत बसल्यावर पर्समधून सुई काढून पांढरं बटण लावलं, राखाडी मिळालं नाही म्हणून. त्या दिवसापासून मी त्या सहांतला एक राहिलो नाही. आता मला कुणीही ओळखेल.

माझं आताचं आयुष्य ज्वारीच्या रांगांमध्ये आहे. ज्वारीच्या पानाला धार असते आणि तिची कूस, म्हणजे बारीक लव, अंगाला लागली की आग होते, म्हणून प्राची ड्रेसवर मला चढवते आणि बाह्या मनगटापर्यंत ओढून घेते. माझं कोपर विरलं आहे, पाठ उन्हानं पांढरी पडली आहे, खिशात दोरे, चिठ्ठ्या आणि दाणे. दिवसभर ती एकेका कणसापाशी थांबते. हे ठेवायचं, हे काढायचं. सकाळी ताजी असताना ठरवते आणि दुपारी घामानं भिजलेली असतानाही ठरवते. साठा कुठून येतो म्हणाल तर मला माहीत नाही. मी तिच्या छातीवरच असतो, आत गोदामासारखं काही ऐकू येत नाही. चुळबुळ असते. पण ती चालता चालता असते.

मधे एकदा बांधावर बसलेली असताना गोविंदरावांचा फोन आला. ती फोन खांद्याला लावून बोलत होती, म्हणून मलाही ऐकू आलं.

"एवढ्या झाडांतलं कोणतं ठेवायचं, ते तूच ठरवतीस?"

"हो."

"डोकं शिणत न्हाई?"

"शिणतं की. मग पाणी पिते आणि पुढच्या रांगेला लागते."

"आन चुकलं तर?"

"चुकतंच पप्पा. पुढच्या हंगामात कळतं."

 मग ते म्हणाले, "दुकानाला आतनं रंग द्यायलोय. हिरवा. मीच ठरवला. तुझी आई म्हणती लय भडक झालाय."

"मग?"

"झाला तर झाला."

मित्रांनो, जुन्या शर्टानं शेवटी काहीतरी मागायचं असतं. मी थोडंच मागतो. आम्हाला उलटं करून सावलीत वाळवा, रंग टिकतो. बटण सैल झालं तर तुटायच्या आधी टाका घाला. रोज एकच घाला किंवा रोज वेगळा घाला, आम्हाला त्याचं काही नाही. मोठी माणसं एकच घालत असतील तर त्यांना तो घालून कुठंतरी जायचं असतं, एवढंच मला कळलं आहे. आणि सकाळच्या घाईत तुमच्या घरात कुणी भरलेल्या बॅगेपाशी उत्तरासाठी थांबलेलं असेल, तर माझी इस्त्री राहू द्या. चुरगळलेला घाला, पण आधी तिला सांगा.